सक्रार

मौनेश बडिगेर पालख्या करायचा,
दारांच्या चौकटी, गाडीचे आरे, लग्नाचे पाट.
फादर फणसाची फळी घेऊन गेले
तेव्हा त्यानं एवढंच विचारलं,
आत काय ठेवणार?
भाकर, फादर म्हणाले.
केवढी?
फादरनी खिशातून रुपया काढून दाखवला.
मौनेश बराच वेळ त्या रुपयाकडे बघत बसला.
मग म्हणाला, मुंग्या लागतील की.

म्हणून सांधे असे बसवले की सुईला वाट नाही.
कुलूप पितळी, खानापूरच्या बाजारातलं.
दारावर काय कोरायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं,
मग त्याच्या हाताला येत होतं ते आलं:
दोन मोर, मधे भाताची लोंबी.
गव्हाची हवी होती, कैतानबाप्पा अजून म्हणतात.
इथं गहू कोण पिकवतं, मी अजून म्हणते.

माझं काम दिव्याचं.
सक्रारीपुढं लाल काचेतला दिवा, विझू द्यायचा नाही.
तेलाची पाळी घराघराला,
पाळी चुकली की रेजिनामावशी भर रस्त्यात थांबवायची,
काय गं, देवाला अंधारात बसवलंस?
प्रार्थना मराठीत, गाणी कोकणीत,
एसटीचा कंडक्टर थांबा ओरडतो कन्नडात.
अधूनमधून रात्री कुणी येऊन पाट्यांना डांबर फासतं,
कधी ह्या अक्षरांना, कधी त्या.
पेटीवर अक्षरच नाही.

धर्मशिक्षणाच्या तासाला सांगितलं होतं,
देवाचं पहिलं घर म्हणजे तंबू.
बाभळीचे खांब, शेळीच्या केसांचं कापड,
उचलायचं, चालायचं, पुन्हा ठोकायचं.
म्हणजे धनगरांगत, पावलूनं विचारलं,
आणि छडी खाल्ली.

मलप्रभा पायऱ्या चढून आत आली ती ऑगस्टात,
रात्री, कुणाला न विचारता.
बाकं तरंगायला लागली.
रेजिनामावशीनं पेटी उचलली, लेकरू घेतात तशी कडेवर,
आणि माळावर आली
जिथं ऊसतोडीच्या टोळीची निळी ताडपत्री
आम्ही चार बांबूंवर बांधत होतो.
आत पंचेचाळीस माणसं, सात शेळ्या,
खालच्या आळीचे मुल्ला, दोन घरं तळवारांची,
आणि दगडावर पदर अंथरून सक्रार.
पावलू माझ्याकडे बघून हसला.
मी दिवा लावला. वाऱ्यानं विझवला. पुन्हा लावला.

किल्ली खाली राहिली होती, पाण्यात.
फादर बेळगावला, रस्ता तुटलेला.
दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरं रडून रडून गप झाली.
मौनेश तिथंच होता, भिजलेला, म्हातारा.
बिजागरीची खीळ कुठून काढायची मला ठाऊक आहे,
म्हणाला. काढू?
भूक सगळ्यांना होती.
भाकर आत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं,
ज्यांना केवढी ते ठाऊक नव्हतं त्यांनासुद्धा.
कैतानबाप्पा पेटीकडे बघत राहिले.
असू दे, म्हणाले.
तोही अडकलाय आपल्याबरोबर. असू दे.

संध्याकाळी वरच्या गावातून बायका आल्या,
गुडघाभर चिखलातून,
डोक्यावर फडक्यात बांधलेल्या जोंधळ्याच्या भाकरी,
वर ठेचा, कांदा.
ठेवायला कोरडी जागा नव्हती,
तर त्यांनी गठुडं पेटीवरच टेकवलं.
कुणी काही बोललं नाही.
रेजिनामावशीसुद्धा.

आता देऊळ पुन्हा उभं आहे. किल्ली नवी आहे.
मौनेश गेला.
फणस त्या पाण्यात फुगला तो फुगलाच,
दार अडकतं.
दर मिस्साला फादरना तळहातानं थाप मारावी लागते,
एकदा, कधी दोनदा,
शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी.
पोरं मागं वळून खुसखुसतात.
मी दिव्यात तेल घालताना थांबते.
सुताराला बोलवू या, रंधा मारू या,
दर वर्षी ठरतं,
आणि दर वर्षी कुणीच बोलवत नाही.