नकलेची झीज

अर्डिथ क्लिंगामननं ते बुटांच्या खोक्यातून आणलं,
टॉवेलात गुंडाळून, आजारी मांजर आणावं तसं.
मार्च. सस्क्वेहॅनावरचा बर्फ अजून तडकत होता,
माझ्या शेडमधली शेगडी नुकती कुठे धरू लागलेली.

ठासणीचं रिव्हॉल्वर. जुनं नव्हे, जुन्याची नकल.
यादवी युद्ध संपून शंभरावर वर्षं उलटल्यावर
इटलीतल्या कुठल्याशा डोंगराळ गावात घडलेलं;
नळीखाली तिथल्या चाचणीचा शिक्का, अर्धा पुसट.
पण पन्नास वर्षं वापरली की नकलही
आपल्या हिमतीवर म्हातारी होते.
तिची झीज उसनी नसते.

"व्हर्लिन दर जुलैत मरायचा," ती म्हणाली,
"लुटुपुटूच्या लढाईत, दोनच्या सुमारास,
कुंपणापाशी, सावली बघून.
तीनला उठून घेवड्याचं सूप प्यायचा."
मी हसलो. तीही, जरा उशिरानं.
"नोव्हेंबरात गॅरेजमध्ये गेला.
तिथे कसली सावली."

मी पाचर ठोकून काढली.
डोकं हातोडीनं फुलून अळंबीसारखं झालेलं:
माणूस घाईचा.
नळी मात्र आतून लख्ख.
काळी दारू ओल धरते, एक रात्र आळस केला
की सकाळी गंज. यानं केला नव्हता.
"माझ्या सिंकमध्ये धुवायचा," ती म्हणाली,
"साबणाच्या कढत पाण्यात. मग ओव्हनमध्ये वाळवायचा.
आमच्या टर्कीला वर्षानुवर्षं गंधकाचा वास."

घोडा मागे ओढला की चक्री कधी फिरे,
कधी नुसती पेंगे,
आणि फिरली तरी खाचेच्या अलीकडेच थबके.
अडसर झिजलेला. नवा घेतला, जाड ठेवलेला,
कानशीचे तीन हात, दिव्याची काजळी,
बसवून बघ, काढ, काळं कुठं पुसलं ते बघ,
पुन्हा एक हात. फक्त एक.
या कामात जास्तीचा हात परत घेता येत नाही.

मग चक्रीला ढकलणारं बोट काढलं,
आणि त्याच्या पाठीशी
कारखान्याची स्प्रिंग नव्हतीच.
काळी, बारीक, नागमोडी: केसांतली पिन,
एक पाय कापलेली, दुसरा दगडावर घासून चपटा केलेला.
काम बरं होतं. मी ती भंगाराच्या ताटलीत टाकली.

अर्डिथनं ती उचलून खिडकीशी धरली.
"एकोणऐंशी साल," ती म्हणाली,
"बहिणीच्या लग्नाची सकाळ. माझी एक पिन कमी.
मी घर उलथं केलं, पोरीवर ओरडले.
आणि हा माझ्याबरोबर शोधत होता,
पलंगाखाली, गुडघ्यांवर, चांगला अर्धा तास."
थोड्या वेळानं: "चोर."

"हीच परत बसवता येईल?"
मी म्हणालो, पाणी उतरलंय तिचं.
खरं तर अजून वर्षभर चालली असती.

पोलादाची पट्टी कापली, लाल केली, तेलात बुडवली,
निळी झाक येईतो हळूहळू शेकली.
सगळं जोडून घोडा ओढला.
टक. आणि पूर्ण चढण्याच्या जरासं आधी,
जिथे यायला हवा तिथेच, अडसराचा दुसरा आवाज.
तिनं मान डोलावली. हा आवाज
तिनं स्वयंपाकघरातून कितीदा ऐकला असेल.

ती पिन तिनं कानामागे लावून बघितली.
केस आता पांढरे, आखूड; एक पायाची पिन घसरली.
पुन्हा लावली.

मी पावती लिहायला घेतली:
अडसर एक. स्प्रिंग एक. पाचर घासून सरळ केली.
जुने सुटे भाग गिऱ्हाइकाला परत.