पायगुण

कोरीन ऑलस्टॅडला मी एकदाच भेटले,
पण तिच्यासाठी एकतीस वर्षं चालले.

बरबँकला, ऑलिव्ह अव्हेन्यूच्या मागे एका तळघरात
जमिनीचे चौकोन आखलेले आहेत:
खडी, फरशी, कुरकुरती फळी, ओली वाळू.
समोरच्या पडद्यावर ती मुक्यानं चालते.
तिची टाच टेकते तेव्हा माझी वाजते.
बघणाऱ्याला वाटतं, आवाज तिचाच.
वाटायलाच हवं. त्याचेच मला पैसे मिळतात.

पहिल्या सिनेमात ती वेट्रेस.
दोन वाक्यं, कॉफीची किटली,
आणि बाहेर जाताना नऊ पावलं.
नववं जरा रेंगाळलं.
मी रेकॉर्डिंगवाल्या लेस्टरला म्हटलं,
ही टिकेल. दारापाशी थांबता येतं हिला.

मग भराभर वर्षं,
उंच टाचा, संगमरवर, जिने,
कुणाच्या तरी मागे धावणं,
कुणीतरी मागे लागलं म्हणून धावणं.
चाळिशी उलटली, टाचा उतरल्या.
आता ती वकिलाची आई, हिरोची वहिनी,
स्वयंपाकघरात सपाता फरफटणारी.
दोन वर्षं तर एकही पाऊल नाही.
मी दुसऱ्यांची चालले.
घोड्यांचीसुद्धा.

आणि मग ती शाळेची बस चालवणारी बाई.
गोठलेल्या तळ्यावरून एका मुलाला शोधत जाते,
अकरा मिनिटं, शब्द नाही.
मी बर्फावर कधी चाललेले नव्हते.
चामड्याच्या पिशवीत मक्याचं पीठ भरून
मुठींनी दाबत होते, चर्र, चर्र,
तेव्हा ती तळघराच्या पायऱ्या उतरून आली.
म्हणाली, आमच्या डुलुथला उणे वीसच्या खाली
बर्फ चरचरत नाही, कण्हतो.
बाबा धक्क्यावरून परत येताना
त्या कण्हण्यावरूनच आई ओळखायची,
आज पिऊन आलेत की कसे.
पिशवी माझ्या हातातून घेतली, पिळली,
डोळे मिटून ऐकलं, पुन्हा पिळली.
हं. असा.

बाहुली मिळाली तेव्हा ती अठ्ठावन्नची.
पंचेचाळीस सेकंदांत
दिग्दर्शक, मेलेले वडील आणि कुठल्याशा दंतवैद्याचे आभार,
मग बँडनं तिला हुसकलं.
मी सोफ्यावर पाय घेऊन चिवडा खात होते.
स्टेज चढताना तिचा डावा पाय
दोन फ्रेम मागे पडला.
गुडघ्याची बातमी पेपरात यायला
अजून वर्ष होतं.

लग्न होऊन मी मिरजेला आले
त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं.
सासूबाई म्हणाल्या, पायगुण.
एवढंच. नंतर कधी काही बोलल्या नाहीत,
मला चहात साखरही बरोबर घालायच्या.
त्या रात्री त्यांना फोन करावासा वाटला.
तिकडे सकाळ होती, त्या फुलं तोडत असतील.
केला नाही.
काय सांगणार होते?
की जगानं टाळ्या वाजवल्या
त्या चालण्यात माझेही तळवे होते?

शेवटच्या सिनेमात ती खुर्चीतच.
पावलं नाहीत. तिच्या शालीची सळसळ
मी माझ्या जुन्या सुती साडीतून काढली,
मांडीवर घासून, हळू,
शाल जड असावी इतकी हळू.

ती गेली ते मला मॅग्नोलियावरच्या लाँड्रोमॅटमध्ये कळलं.
टीव्हीचा आवाज बंद, यंत्रांची घरघर.
ती चालत होती, एकामागून एक,
जिना, तळं, सपाता, परत तरुण.
मोजे माझे यंत्रात होते.
खुर्चीखाली अनवाणी पाय फरशीवर पडायला लागले.
शेजारचा माणूस चादरीची घडी अर्धवट धरून
माझ्याकडे बघत राहिला.
किटली ठेवून ती दाराकडे निघाली होती.
सात. आठ.
नवव्याला मी घाई केली नाही.