गुण्यात

मेडिकलचा तळमजला, मे महिना.
कूलरचं पाणी संपलेलं, वाळ्याला कुबट वास.
काचपट्टीवर मी पोटॅशचा थेंब सोडते
आणि थांबते.
नाकातून खरवडलेलं काळं कातडं हळूहळू विरतं.
बुरशी विरत नाही.
एवढंच माझं काम: माणूस विरघळू द्यायचा,
मागे जे उरेल त्याचं नाव लिहायचं.

नाव कोनावर ठरतं.
फांदी पंचेचाळीस अंशांत फुटलेली, आत पडदे,
तर औषध वेगळं, थोडी सवडही.
पण रुंद, पोकळ, फितीसारखी मुरडलेली
आणि काटकोनात वळलेली असेल
तर डबा उघडा टाकून
वर वॉर्डात फोन.

शालिक झाडे, एकोणपन्नास, सक्करदरा, सुतारकाम.
साखर चारशे बारा.
कोरोनातून उठून अकरा दिवस,
डाव्या गालाला मुंग्या, पापणी अर्धी लोंबलेली.
रिपोर्टला मुलगा येणार होता. हाच आला, भिंत धरत.
"काय दिसून रायलं बाई?"
आम्ही सांगायचं नसतं.
मी सांगितलं. काटकोन, म्हटलं.
तो जरा वेळ गप्प. मग,
"म्हंजे गुण्यात हाय.
कारागीर पक्का दिसते."

डोळा गेला. वरच्या जबड्याचा तुकडाही.
पिवळं औषध, बाटलीला काळा कागद,
अंगावर तीन चादरी, तरी दात वाजायचे,
आणि बाहेर नागपूर पंचेचाळीस अंशांवर.

इकडे त्याचीच बुरशी मी डबीत वाढवत होते.
दोन रात्रींत डबी भरली,
करडा कापूस, त्यावर काळी टिंबं,
झाकणाला टेकलेली.
मला ती सुंदर वाटली.
हे मी कुणाला बोलले नाही.

डिसेंबरात तो पुन्हा दारात, संत्र्यांची पिशवी घेऊन.
कमरेला गोल लाल चट्टा.
चौकातल्या दुकानातलं मलम महिनाभर चोळून
बशीएवढा केलेला.
खरवडून पाहिलं. गजकर्ण.
"निस्तं गजकर्ण?"
"नुसतं."
"लय खाजते पण," तो म्हणाला, अगदी खुशीत.

काम जमतं का, मी विचारलं.
"फळी सीधी हाय का पाहाले
सुतार एक डोळा मिटतेच.
माहा मिटेलच हाय."

पिशवीतल्या एका संत्र्याला देठाशी हिरवी भुकटी होती.
तो ते फेकणार होता, मी काचेखाली घेतलं.
जुना, एकाच नळीचा सूक्ष्मदर्शक;
तो सवयीने वाकला.
"हे तं रंगाऱ्याचे कुंचे हाय बाई. काटकोन कुठी हाय?"
यात नसतो, मी म्हटलं.
बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

मग म्हणाला, चित्र हलते.
टेबल डुगडुगतं, मी म्हटलं, कधीचंच.
त्याने खिशातून मे महिन्याचा रिपोर्ट काढला,
दोन घड्या घातल्या, हाताने दाबून तिसरी,
आणि गुडघ्यावर बसून
पायाखाली सरकवला.