अर्धा आटा

धूर वाचता येतो मला.
काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी.
निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या.
पांढरा असेल तर नोझल नुसता थुंकतोय.
चौदाव्या वर्षी शिकलो हे, उखा मिस्तरीच्या हाताखाली,
अवधान फाट्यावर, जिथे धुळं संपतं
आणि लळिंगच्या चढासाठी गाड्या गिअर पाडतात.

पंपाच्या अंगावर एक स्क्रू असतो.
त्याला बारीक तार, शिशाचं सील.
ते फोडायचं, अर्धा आटा फिरवायचा, बस्स.
सावद्याची केळी भरून सुपडू यायचा,
"भो, चढावर जीव जास गाडीना. जराशी ताकद दे."
मी द्यायचो.
दीडशे रुपये, वर एक चहा,
आणि स्क्रूच्या डोक्यावर
मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका.
उद्या तक्रार आली तर कळावं, काम आपलं.

मृदुला अहिरराव आली मार्चमध्ये,
कॉलेजच्या जीपमधून, मांडीवर डबा.
डब्यात कागद: गोल, पांढरे, चानकीएवढे.
हात लावू नका म्हणाली,
घामाचंसुद्धा वजन भरतं यात.
चढाच्या मध्यावर बाभळीखाली
तिने हवा ओढणारा पंप बसवला.
चोवीस तासांनी चिमट्याने कागद उचलून दाखवला.
तव्याची पाठ.
मी म्हणालो, रात्री वारा पडला होता ना.
ती म्हणाली, वारापण लिहिलाय.

मग नळी घेऊन गाड्यांच्या मागे उभी राहिली.
"दाबा." आकडा. "सोडा." पुन्हा "दाबा."
तेवीस गाड्या. अकरांचा धूर मर्यादेच्या दुप्पट.
वही माझ्यापुढे सरकवली:
मेक वेगळे, साल वेगळं, मालक वेगळे,
दहांच्या पंपावर मात्र एक लाल ठिपका.
"हे काय असतं, भिकनभाऊ?"

चहावर साय धरली तरी मी बोललो नाही.

कोकिळा पाच उन्हाळे झाले
गच्चीवर बिबडे टाकत नाही.
मधल्या खोलीत, पंख्याखाली वाळवते,
घरभर आंबूस वास.
का, ते मी कधी विचारलं नव्हतं.
त्या रात्री विचारलं.
तिने कठड्यावरून बोट फिरवलं
आणि माझ्या शर्टाला पुसलं.

सकाळी सांगितलं: ठिपका माझा.
वाटलं, मृदुला चिडेल. तिने पेन उघडलं.
किती फिरवता? अर्धा आटा.
किती गाड्या? आठवड्याला सात, आठ.
किती वर्षं?
बोटं कमी पडली.
तिने स्वतःच गुणाकार केला, आकडा मोठ्याने वाचला नाही.
मी मागितलाही नाही.

तेव्हापासून उलटा अर्धा आटा. फुकट.
सुपडूने आईबहीण काढली,
लळिंगला म्हणे ट्रॅक्टरवाला हात करत पुढे गेला.
पंधरा दिवसांनी आला, गप्प बसला,
मग म्हणाला, टाकीत डिझेल उरतंय.
लिटरमागे पाऊण किलोमीटर.
चार जण मात्र परत आले नाहीत.
दुसऱ्या कुठल्या मिस्तरीकडे गेले,
त्याच्या ठिपक्याचा रंग मला माहीत नाही.
नव्या गाड्यांना तर स्क्रूच नसतो.
मोटारसायकलवर एक पोरगा येतो, केबल लावतो,
लॅपटॉप मिटतो, गाडी उडते.
तो आपली खूण कुठे ठेवत असेल?

मृदुला दर पौर्णिमेनंतर कागद लावते.
काळाच येतो. कमी काळा, ती म्हणते,
तराजूला कळतं, डोळ्याला नाही अजून.
मी तिच्याकडून एक कोरा मागून घेतला,
वजन करून दिला तिने, मागे पेन्सिलने आकडा.
बेंचच्या वर खिळ्याला आहे.
दिवाळीला राखाडी झाला होता.

कोकिळा म्हणते, येत्या चैत्रात
दोन बिबडे टाकून बघते गच्चीवर.
दोनच.