तिच्या गोळ्या

पुन्ता अरेनासला वारा असा, की
चौकात दोर बांधून ठेवतात माणसांना धरायला.
तोच दोर धरत आला व्हिन्को मार्तिनिच,
पन्नास वर्षं मेंढ्या कातरलेला,
डाव्या कानामागे
उन्हानं कोरलेला, न भरणारा व्रण घेऊन.

फॉर्मवर सगळं लिहिलं होतं त्यानं:
मोडलेली बरगडी, हर्निया, लहानपणचा गोवरसुद्धा.
'चालू औषधे'समोर आडवी रेघ.

मी सुई टोचली.
बधिर करायचं औषध, त्यात चिमूटभर अ‍ॅड्रिनलिन,
रक्त कमी यावं म्हणून.
कातडी पांढरी पडली, पडायला हवी तशी.
तो सांगत होता, मेंढी कशी धरायची:
"ढुंगणावर बसवली की गप होते, डॉक्टर.
पण गप म्हणजे शांत नव्हे."

आणि तोच गप झाला.
"डोकं फुटतंय," एवढंच.
मॉनिटरची टिकटिक लांबत गेली,
बासष्ट, पन्नास, एक्केचाळीस.
नेलिदा धावली पाय वर उचलायला,
घेरी आलेल्यांचे उचलतो तसे.
थांब, म्हटलं. आधी दाब बघ.

पट्टा फुगला. फुगतच राहिला.
दोनशे अठरा.

सुरी ट्रेमध्ये.
जखमेवर गॉझ, गॉझवर माझा अंगठा.
डोकं वर, पाय खाली.
जिभेखाली एक फवारा.
मग वाकून, त्याच्या चांगल्या कानाशी:
"दॉन व्हिन्को, सकाळी काय घेतलंत?"

"माझं काही नाही. तिच्या होत्या.
दानित्साचे हात थरथरायचे.
आता माझे थरथरतात.
डबीत चाळीस उरल्या होत्या,
टाकवेनात."

प्रोप्रानोलॉल.
हृदयाचं एक दार तिनं आतून लावून घेतलेलं,
आणि मी बाहेरून धडका देणारा पाठवलेला.

आता करण्यासारखं थोडंच होतं.
दाबून धरणं. वाट बघणं.
अंगठ्याखाली एक ठोका येई,
पुढचा यायला इतका वेळ लावी
की मी माझाच मोजू लागे.
खिडकी वाऱ्यानं खडखडत होती.
एकशे नव्वद.
बऱ्याच वेळानं एकशे साठ.
नाडी पंचावन्नवर आली तेव्हा
नेलिदानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला
आणि बाहीनं स्वतःचा.

व्रण अर्धा राहिला.
तात्पुरते दोन टाके, पुढच्या महिन्याची तारीख,
आणि फॉर्म पुन्हा त्याच्यापुढे.
रेघेवर त्यानं सावकाश लिहिलं:
दानित्साच्या. रोज सकाळी एक.

डबी बघू, म्हटलं.
त्यानं खिशावर हात ठेवला,
मेंढीच्या बरगड्यांवर ठेवावा तसा,
आणि दाराकडे बघितलं.