डावा टाका

शनिवारी अडीचला उत्तमनगरच्या समाजमंदिराचं कुलूप
गायधनीकाकू उघडतात.
पंखा तीनवर अडकलेला,
म्हणून चिंध्यांवर वाट्या पालथ्या घालायच्या.
आधी गोधडी दाखवायची, मग चहा:
नियम एवढाच, तोही दर शनिवारी मोडतो.

मेहजबीनने वडाळ्याहून वाकळ आणली,
सतरा सलवारींची,
मधोमध शाळेच्या टायचा निळा पट्टा.
आम्ही त्या पट्ट्याभोवती गोळा झालो,
कुणाचा गं, कुठल्या वर्गातला, जपून ठेवला होतास?
ती म्हणाली, लांबी कमी पडली.

एक वही आहे. तिच्यात टिपा.
टीप म्हणजे शिवलेली आणि टीप म्हणजे लिहिलेली,
आमच्यात दोन्हीला एकच शब्द पुरतो.
दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढावा, गुंता होत नाही.
चार थरांना सहा नंबरची सुई, दहाची वाकते,
आणि वाकलेली सुई
मग स्वतःचंच खरं करते.
टेरिकॉट खालच्या अंगाला नको, रात्री घसरते.
काठेबाई: काठापासून आत यावं, नाहीतर फुगा येतो.
त्याखाली प्रमिला पिंगळे, लाल शाईत:
मधून काठाकडे जावं, नाहीतर फुगा येतो.
सहा वर्षं चाललंय हे.
दोघींच्या गोधड्या सपाट.

दीक्षा गांगुर्डे डिसेंबरात आली.
अंबडला कारखान्यात स्विचच्या पितळी पट्ट्या जुळवते.
पिशवीत बुधवारच्या बाजारातलं गाठोडं,
गंगेवरून किलोच्या भावाने घेतलेलं,
कुणाकुणाचे परकर, कुणाचा झब्बा,
एका उशीच्या अभ्र्यावर अर्धवट भरलेला मोर.
काकू म्हणाल्या, घरातलं आण की, आठवण राहते.
ती म्हणाली, आठवण नको काकू, थंडी वाजते.

तिचा टाका उलटा पडायचा.
मी शेजारी बसून दाखवलं,
मागून हात धरून दाखवलं,
तीन शनिवार.
सुई माझ्याकडे बघायची आणि तिच्याकडे जायची.
शाळेत पट्टी बसायची या हातावर, ती म्हणाली,
देवळात प्रसादाला दुसरा पुढे कर म्हणायचे.
बसचे थांबे वाचावेत तशी म्हणाली.
मी तरीही उजवाच दाखवत होते.

मेहजबीनने मान वर न करता दात लावून दोरा तोडला.
शेजारी काय बसतेस, समोर बस.
आमची ओळ तिकडूनच सुरू होते.

तर मी समोर बसले.
मध्ये गोधडी, चार गुडघ्यांवर ताणलेली.
माझा उजवा, तिचा डावा, दोन्ही खिडकीकडे.
खिडकीपासून दाराकडे
माझा धावदोरा निघाला आणि तिचाही,
मी थांबले की ती थांबायची,
मी बोट टोचून घेतलं तेव्हा
तिने आपलं बोट तोंडात घातलं
आणि मग दोघी हसलो.

एकेक ओळ आत येत गेली.
संक्रांत झाली, तिळगूळ झाला,
गुडघ्याला गुडघा लागला.
शेवटी उरली एक पाचर,
खिडकीशी चार बोटं, दाराशी काही नाही.
चूक माझी. माझ्या ओळी तिरक्या गेल्या होत्या,
तिच्या सरळ.

काठेबाई म्हणाल्या, उसव.
प्रमिला म्हणाली, ठिगळ लाव, मोर लाव तिथे.
वादाला वहीतली नवीन पानं लागणार असं दिसत होतं.
दीक्षाने त्या रिकाम्या जागेवर तळवा ठेवला,
बिनटाक्याची, म्हणून मऊ, जराशी फुगलेली.
राहू दे, म्हणाली.
रात्रपाळीहून आले की दिवा लावत नाही मी, बाकीच्या झोपलेल्या असतात.
हाताला हे लागलं की कळेल
पायाकडची बाजू कुठली.

घडी घातली. बॅगेत बसेना,
खांद्यावर टाकून गेली सिटीबसला.

कुलूप लावायच्या आत
मी वही मागून घेतली,
पेन डाव्या हातात धरून पाहिलं,
अक्षरं पडली मुंगळ्यांसारखी, पण वाचता येतात:

समोर बसावं.