मुक्कामी गाडी

तात्या उजव्या हाताच्या सीटवर बसलेत.
चौतीस वर्षं तिथंच बसायचे,
फक्त इथं समोर स्टिअरिंग नाही.
स्टिअरिंग माझ्याकडे, डावीकडे.
पुढचा ट्रक जरा जवळ आला
की त्यांचा उजवा पाय
खालच्या मॅटमध्ये रुततो.

लिंकन सोडल्यापासून एवढंच विचारलं त्यांनी,
"इथं सगळ्यांचे हॉर्न बिघडलेत का?"
मागे ऋजुता हसली,
एका कानातला इअरफोन काढून.
निशिकांत पेंगतोय, मांडीवर थालीपिठांचा डबा.
बाहेर मार्च संपत आलेला,
कापलेल्या मक्याची खुंटं,
नजर दमेल तिथवर खुंटं,
मधूनच धान्याची पत्र्याची कोठारं.

"पण बघायला आहे काय?"
"पक्षी."
"पक्ष्यांसाठी दोनशे किलोमीटर?"
आणि मग, बहुतेक पेट्रोलचा हिशेब करत, गप्प.

कराड डेपोचा बिल्ला त्यांनी जपून ठेवलाय.
लोकांच्या सहली नेल्या त्यांनी,
वऱ्हाडं नेली, शाळांची पोरं नेली,
आमची सहल एकही नाही.
रजेच्या दिवशी ते झोपायचे
आणि आम्ही घरात चवड्यांवर चालायचो.

सातवीत आमची शाळा प्रतापगडाला गेली.
गाडीवर तात्याच.
सगळे गड चढले, ते खाली राहिले,
गाडीच्या सावलीत टॉवेल अंथरून.
वर कुणीतरी विचारलं,
ड्रायव्हरकाका जेवले का गं?
मी म्हणाले, मला काय माहीत.
आईनं आमच्या दोघांच्या भाकरी
एकाच धोतराच्या दोन फडक्यांत बांधल्या होत्या.

हे आज सांगून टाकावं
असं ग्रँड आयलंडच्या पाटीपाशी वाटलं.
तेवढ्यात ते म्हणाले,
"अठरा चाकं आहेत. मोजली मी."

प्लॅट नदी म्हणजे पसरट, उथळ,
घोट्याएवढं पाणी आणि वाळूचे पट्टे.
पुलावर बोचरा वारा. तात्यांची माकडटोपी.
शेजारच्या म्हाताऱ्यानं दुर्बीण पुढे केली,
तात्यांनी हातानंच, नको, दिसतंय.

आधी आवाज आला.
तात्यांनी टोपी कानांवरून वर सरकवली.
"पहाटे साडेपाचला स्टँडवर
सगळ्या गाड्या एकदम स्टार्ट करतात ना, तसं."
मग आभाळाच्या कडेला एक रेघ,
रेघेमागे रेघ,
आणि पाय खाली सोडून करकोचे उतरू लागले,
हजारोंनी,
कुणी कुणाला घासत नव्हतं.
ऋजुतानं फोन वर धरला, आणि मग खाली घेतला.

"येतात कुठून?"
"टेक्सास, मेक्सिको."
"जायचं कुठं?"
"पार वर. काही तर सैबेरियात."
"आणि इथं?"
"इथं थांबतात थोडे दिवस. दाणे टिपतात,
रात्री पाण्यात उभ्यानं झोपतात."

"म्हणजे मुक्कामी गाडी," तात्या म्हणाले.
आणि सांगत सुटले:
पाटणच्या पुढं, रस्ता संपतो तिथं गाडी लावायची,
कंडक्टर आत सीटवर, आपण टपावर.
कुणी कालवण आणून द्यायचं, कुणी नाही.
पहाटे काचेवरचं दव तळहातानं पुसायचं.
"तिथंही असतील गं पक्षी.
टपावर उताणा झोपायचो मी,
पण पडल्या पडल्या डोळा लागायचा."

अंधार पडला तरी आवाज थांबला नव्हता.
मी डबा उघडला. घशात काहीतरी अडकलं होतं,
म्हणून नुसतंच विचारलं,
"तात्या, जेवता ना?"
त्यांनी थालीपीठ मोडलं,
मोठा तुकडा माझ्या हातात दिला.
"आधी तू खा.
ड्रायव्हरनं उपाशी गाडी काढू नये."

परतताना यॉर्कच्या अलीकडे
एक ट्रक अगदी जवळून गेला.
मी सवयीनं उजवीकडे पाहिलं.
तात्या सीटवर मांडी घालून झोपले होते,
दोन्ही पाय वर घेऊन.